मोटार उजळण्याचे कसब

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात जमलेल्या माणसांच्या माना ज्या गोष्टींकडे वळतात, त्यांत छत्रपतींच्या घराण्याची ती भगवी मेबॅक मोटार असतेच असते. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३० च्या दशकात, ती जर्मनीहून आली. १९४९ साली संस्थान विलीन झाले, जमाना बदलला, पण मोटारीची झळाळी काही उतरली नाही. तिच्याकडे पाहताना लहान मूल विचारते, 'ही एवढी चकाकते कशी?' मोठी माणसे उत्तर देतात, 'राजाची गाडी आहे बाबा!' उत्तर कौतुकाचे खरे, पण अपुरे. पत्र्यावरचा रंग राजाला ओळखत नाही आणि रंकालाही ओळखत नाही. त्याला ओळखता येतो तो फक्त त्याच्यावरून फिरणारा हात.

या हाताच्या कसबालाच आता एक स्वतंत्र धंदा म्हणून नाव मिळाले आहे. मोटारीच्या जगात त्याला 'डिटेलिंग' म्हणतात. मोटारीचा कानाकोपरा, फटी, शिवणी, काचा, चाके, आतली बैठक असे सारे बारकाईने स्वच्छ करून, रंगाला मूळचे तेज आणून ते टिकवणे, एवढा त्याचा अर्थ. पूर्वी असली निगा संस्थानिकांच्या आणि गिरणीमालकांच्या गॅरेजांत होत असे. आज ती गल्लीतल्या वॉशिंग सेंटरच्या पाटीवर येऊन पोचली आहे. होतकरू मुलांना हा उद्योग खुणावतो, कारण भांडवल थोडे लागते आणि शाळेचा दाखला कुणी मागत नाही. म्हणूनच त्यात पाऊल टाकण्यापूर्वी काय शिकावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सांबऱ्यापर्यंतची वाट

उदाहरणासाठी सांबरा हे गाव घेऊ. बेळगावच्या पूर्वेला, बागलकोट रस्त्यावर, शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर हे गाव आहे. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश हवाई दलाने येथे धावपट्टी बांधली आणि गावाचे नाव नकाशावर ठळक झाले. हवाई दलाच्या जवानांची प्रशिक्षण शाळा येथे आहे. बेळगावचा विमानतळ म्हणजे सांबऱ्याचाच विमानतळ. त्यामुळे चारी दिशांच्या मोटारी या गावाकडे येतात आणि येताना चारी दिशांची धूळ अंगावर घेऊन येतात.

कोल्हापूरहून निघालेली एखादी पांढरी मोटार डोळ्यांसमोर आणा. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीजवळून जाताना फौंड्रीतली लोखंडाची बारीक भुकटी तिच्यावर बसते. पुढे उसाचा हंगाम असला तर साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडालेली बगॅसची राख तिला गाठते. ही राख दिसायला मऊ, पण तिच्यात वाळूचाच अंश, म्हणजे सिलिका, भरपूर असतो. निपाणी मागे टाकून तवंदी घाट ओलांडताना ब्रेक दाबून दाबून चाकांवर काळपट पूड जमते. रस्त्याचे काम चालू असेल तर डांबराचे शिंतोडे खालच्या पत्र्याला चिकटतात. आणि मोटार आंबोली किंवा चोर्ला घाटातून गोव्याकडे जाऊन आली असेल, तर चाकांच्या वरच्या पोकळीत तांबड्या चिखलाचे थर असतात. बेळगावच्या दक्षिणेला खानापूरकडे तांबडी माती आणि पूर्वेला जावे तसतशी काळी जमीन. दोन्ही मातींची भेट मोटारीच्या पत्र्यावर होते!

नवशिक्याने पहिला धडा येथे घ्यावा. लोखंड, राख, डांबर आणि माती हे चार निरनिराळे पाहुणे आहेत. चौघांना एकाच फडक्याने घालवता येत नाही. कोणता मळ कसला आहे हे ओळखणे म्हणजे अर्धे काम झाले असे समजावे.

केसाहून पातळ

आता ज्याच्यावर हा मळ बसतो तो रंग पाहू. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सर्वांवर एक पारदर्शक थर असतो. या शेवटच्या थराला 'क्लिअर कोट' म्हणतात. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर हे सारे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी वरचा पारदर्शक थर अवघा चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा. माणसाच्या डोक्यावरचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर मोटारीची सारी झळाळी केसाहून पातळ अशा एका पापुद्र्यात साठवलेली आहे.

हा पापुद्रा उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण करतो. तो घासून झिजला की परत येत नाही. पॉलिश मारले म्हणजे रंगावर काहीतरी चढवले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. ओरखडा 'भरत' नाही. ओरखड्याच्या काठाचा भाग कापून त्याच्या तळाशी आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. सौम्य पॉलिशला एखाद-दुसरा मायक्रॉन खर्च होतो, कडक कंपाउंडला त्याहून बराच जास्त. वर्षातून चार वेळा हौसेने मशीन फिरवणारा मालक काही वर्षांत तो थर संपवून बसतो. मग छतावर आणि बोनेटवर पांढरे पोपडे निघू लागतात. त्याला पुन्हा रंग देण्याखेरीज उपाय नाही.

जुन्या अँबॅसिडर आणि पद्मिनी गाड्यांची गोष्ट निराळी होती. त्यांच्यावर वेगळा पारदर्शक थर नसे. पॉलिश करताना फडक्याला मोटारीचाच रंग लागे. ही खूण आजही उपयोगी पडते. अशी जुनी गाडी हाती आली तर कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश लावून पाहावे. फडके रंगले तर वरचा थर नाही असे समजून हात आणखी हलका ठेवावा.

तेव्हा या धंद्याचे मर्म एका वाक्यात सांगायचे तर ते असे: किती चोळावे हे कोणीही शिकतो, कधी चोळू नये हे ज्याला कळले तो कारागीर.

धुण्याची रीत

मोटारीवर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे बहुतेक धुताना आणि पुसतानाच पडलेले असतात. सकाळी गाडी काढण्यापूर्वी पिवळ्या फडक्याने कोरडी धूळ झटकण्याची आपल्याकडे सार्वत्रिक सवय आहे. वर सांगितलेली कारखान्याची राख त्या फडक्याखाली सापडली की फडक्याचा पॉलिशपेपर होतो. मालक समजतो, आपण गाडीची काळजी घेत आहोत. गाडी बिचारी रोज थोडी थोडी झिजत असते.

धुण्याचा क्रम असा ठेवावा. मोटार सावलीत घ्यावी आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग धरतो. प्रथम चाके, कारण सर्वांत अधिक घाण तेथे असते. त्यांचा ब्रश आणि बादली वेगळी ठेवावी. नंतर सबंध गाडीवर पाण्याचा जोरदार फवारा मारून हाताचा स्पर्श न होता जेवढी माती निघेल तेवढी काढावी. मग मोटारीसाठीच बनवलेला सौम्य शांपू घ्यावा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने आधी लावलेले मेण निघून जाते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पडतात.

बादल्या दोन असाव्यात. एकीत शांपूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोज्यासारखे मऊ कापड शांपूत बुडवून एक भाग धुवावा, मग ते साध्या पाण्यात खळबळून घ्यावे आणि नंतरच पुन्हा शांपूत घालावे. एका बादलीने काम केले तर दरवाजाची माती बादलीत आणि बादलीतली माती बोनेटवर, असा फेरा सुरू होतो. धुणे नेहमी वरून खाली: छत, काचा, बोनेट, दरवाजे आणि शेवटी खालचा पट्टा. हात सरळ रेषेत फिरवावा. कापड जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद समजावे. हा नियम कठोर वाटेल, पण एका खड्याने केलेला ओरखडा पुसायला तासभर लागतो.

बोअरच्या पाण्याबद्दल एक गोष्ट विसरू नये. जड पाण्याचा थेंब पत्र्यावर वाळला की त्यातला क्षार गोल पांढरा डाग होऊन बसतो. काळ्या गाडीवर तर देवीचे व्रण दिसावेत तसे ते दिसतात. म्हणून धुतलेली मोटार उन्हात 'वाळत' ठेवायची नसते. मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने लगेच पाणी टिपून घ्यायचे असते. ताजे डाग पाणी घातलेल्या सौम्य व्हिनेगरने निघतात, पण लगेच धुवून टाकावे. रंगात मुरलेल्या डागांना पॉलिशच लागते, म्हणजे पुन्हा त्या पातळ थराचा खर्च आला.

आपल्या भागाला हे सारे अगदीच नवे आहे असे नाही. जेष्ठी पौर्णिमेच्या कर्नाटकी बेंदराला असो, वा आषाढातल्या आपल्या बेंदराला, बैलाला पाण्यावर नेऊन धुताना जाणता शेतकरी त्याच्या अंगावरून हात कसा फिरवतो ते आठवावे. खांदा जेथे हुळहुळा असेल तेथे त्याचा हात आपोआप हलका होतो. मोटारीला हुळहुळे होत नाही आणि ती लाथही मारत नाही, म्हणून आपण तिच्याशी आडदांडपणा करतो, एवढेच.

धुऊन न निघणारे

धुतलेल्या पत्र्यावरून बोटे फिरवली आणि ती खरखरीत लागली, तर काही मळ रंगात रुतून बसला आहे असे समजावे. फौंड्रीच्या पट्ट्यात हा मळ बहुधा लोखंडाचा. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरची शिरोली येथे नेहमी उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर असे बारीक तांबूस ठिपके सापडतात. त्यासाठी एक द्रावण मिळते. ते फवारले की लोखंडाच्या कणाशी त्याची रासायनिक क्रिया होऊन जांभळा रंग ओघळू लागतो. नवशिक्याला त्याचे मोठे नवल वाटते. मात्र ते वाळू देऊ नये, आणि त्याची दुर्गंधी लक्षात घेऊन मोकळ्या हवेतच काम करावे. डांबरासाठी निराळे औषध असते. उरलेला मळ 'क्ले' नावाच्या चिकणमातीसारख्या गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून, दाब न देता उचलून घ्यावा. पाखरांची शीट मात्र दिसली त्याच दिवशी भिजवून काढावी. उन्हात राहिली तर ती रंगावर कायमचा व्रण ठेवते.

खंडेनवमीचा विषयही येथे आला पाहिजे. शस्त्रांच्या पूजेच्या दिवशी आपण मोटारीचीही पूजा करतो आणि ते योग्यच आहे. जी आपले पोट भरते तिला हळदकुंकू वाहायचे नाही तर कोणाला? पण ओले कुंकू बोनेटवर दोन दिवस राहिले तर डाग राहतो, आणि कोरडे कुंकू फडक्याने पुसले तर त्यातली कचर ओरखडे काढते. स्वस्तिक काचेवर काढावे, कुंकवाचे बोट नंबरच्या पाटीला लावावे. झेंडूचा हार पत्र्याला घासणार नाही असा बांधावा. दुसऱ्या दिवशी पाणी सोडून मगच हात लावावा. देवीला काही ते कमी वाटणार नाही.

मशीन हाती घेण्यापूर्वी

येथवर मशीनचा उल्लेख मुद्दाम टाळला. नवशिक्या मुलाची नजर पहिल्या दिवसापासून त्या गरगरणाऱ्या बफिंग मशीनवर असते आणि पुष्कळदा त्याच्या हातून पहिले नुकसान तेथेच होते. गिऱ्हाइकाची गाडी ही शिकण्याची पाटी नव्हे. भंगारवाल्याकडून एक जुने बोनेट किंवा दरवाजा विकत आणावा, शक्यतो गडद रंगाचा, आणि त्याच्यावर महिनाभर हात बसवावा. मुद्दाम एका कडेला मशीन जास्त वेळ धरून रंग कसा जळतो आणि खालचा प्रायमर कसा उघडा पडतो हे एकदा डोळ्यांनी पाहावे. ते दृश्य पाहिलेला मुलगा पुढे आयुष्यभर कडांवर आधी टेप लावतो.

मशीन दोन प्रकारचे. 'रोटरी' एकाच आसाभोवती फिरते. ते जलद कापते आणि तितक्याच जलद तापवते. 'ड्युअल ॲक्शन' फिरता फिरता डुलतेही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. शिकाऊ हाताने दुसरेच घ्यावे. आधी सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन वीतभर चौकोनावर प्रयोग करावा. तेवढ्याने काम झाले तर पुढे जाऊ नये. दर फेरीनंतर पत्र्याला तळहात लावून पाहावा. गरम लागला की थांबावे. नखाला अडकणारा खोल ओरखडा तसाच सोडावा आणि मालकाला तसे स्पष्ट सांगावे. तो घालवण्याच्या हट्टात थर फाटतो.

पिवळे पडलेले दिवे उजळणे हे नवशिक्याला लवकर साधणारे आणि लोकांच्या खऱ्या उपयोगाचे काम. घाटातल्या रात्रीच्या प्रवासात अंधुक दिवा म्हणजे जिवाशी गाठ. या दिव्यांची काच खरे तर प्लास्टिकची असते. तिच्यावरचा उन्हापासून वाचवणारा लेप खराब झाला की ती पिवळते. ओल्या पेपरने टप्प्याटप्प्याने घासून पॉलिश केले की ती स्वच्छ होते. पण नवा संरक्षक लेप दिला नाही तर ती काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. ही शेवटची पायरी गाळून पैसे घेणारे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हाच प्रामाणिकपणा मेणाच्या आणि कोटिंगच्या बाबतीत पाळावा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण वर्षानुवर्षे मोटारींना लावले जाते. त्याची चमक उबदार, पण आमच्या पावसात फार काळ टिकत नाही. आताचे सिरॅमिक कोटिंग पुष्कळ अधिक टिकते, पाणी ओघळवते आणि धुणे सोपे करते. पण ते चिलखत नव्हे. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा त्याला जुमानत नाही. आणि खालच्या ओरखड्यांवरच ते चढवले तर तेही त्याच्याखाली कायम राहतात.

धंदा आणि धर्म

गाडी ताब्यात घेताना मालकासमोर चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत. आधीचे ओरखडे कोणाचे, हा वाद मग उभा राहत नाही. आतल्या वस्तू पिशवीत घालून मालकाच्या स्वाधीन कराव्यात. आतल्या बैठकीला पाणी कमीत कमी वापरावे. स्टिअरिंग आणि पायाखालची पेडले यांना चकाकी आणणारे तेलकट औषध चुकूनही लावू नये. पाय घसरला तर ती चमक कुणाच्या जिवावर बेतेल. चाकांसाठी कडक आम्लाची स्वस्त औषधे मिळतात. त्यांतल्या काहींत काच खाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरते आणि सुरुवातीला कळतही नाही. हातमोजे आणि चष्मा यांना चैन समजू नये. धुण्याचे पाणी शेजारच्या शेतात किंवा विहिरीकडे सोडू नये, हे तर सांगायलाच नको.

सीमाभागातल्या मुलापुढे आणखी एक अडचण असते. तो मराठीत शिकतो, गिऱ्हाईक कानडीत बोलते आणि बाटलीवरची सूचना इंग्रजीत असते. तीनही भाषा त्याच्या कानावरच्या असतात, पण तिसरी वाचताना घाई होते. बाटलीवर १:१० असे छापलेले असेल तर एक माप औषध आणि दहा मापे पाणी. एवढे न कळल्याने कित्येक बैठकांची कातडी उडाली असेल. दुकानात शिरताच दिसेल अशा फळ्यावर ही मापे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवावीत.

आपल्याकडे गाडी पुसणाऱ्याला मान नाही. वर्षानुवर्षे ते काम पोराटोरांचे मानले गेले आणि त्याची मजुरी तशीच ठरली. ज्याला केसाहून पातळ थराची जाण आहे, मळाची जात ओळखता येते आणि 'याला मी हात लावणार नाही' असे गिऱ्हाइकाला सांगण्याची हिंमत आहे, तो मात्र सोनार-कासारांच्या पंक्तीतला माणूस होय. त्याने दाम मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. सांबऱ्याच्या रस्त्याने येणाऱ्या गाड्यांत कुणाची पाटी केए २२ ची, कुणाची निपाणी-चिकोडीकडची केए २३ ची, कुणाची कोल्हापूरची एमएच ०९ ची. पाट्या निराळ्या, धूळ मात्र सगळ्यांच्या अंगावर सारखीच. ती जो हळुवारपणे उतरवील त्याच्याकडे गिऱ्हाईक वाट वाकडी करून येईल, आणि पुढच्या खंडेनवमीला आपल्या दोन बादल्यांना कुंकू लावताना त्यालाही आपल्या कामाचे मोल कळलेले असेल.